ओळखीचे शब्द, फसवे दुवे

परभणीच्या तहसील कचेरीत अर्ज दाखल होतो, मंजूर होतो किंवा रद्द केला जातो. यातली 'होणे' आणि 'करणे' ही क्रियापदे आपली; अर्ज, दाखल, मंजूर, रद्द हे शब्द मूळचे अरबी, पण आपल्याकडे आले ते फारसीच्या वाटेने.

फारसीत साधी क्रियापदे मोजकी. परका शब्द घेतला की ती त्याच्यामागून 'कर्दन' (करणे) किंवा 'शुदन' (होणे) जोडते: रद्द कर्दन, दाखिल शुदन. काळ, पुरुष, नकार यांचा सारा भार क्रियापदावर; आधीचे नाम अचल. 'रद्द न-कर्द' म्हणजे 'रद्द केला नाही'. 'नमन करणे' म्हणणाऱ्या मराठीला ही रीत परकी नव्हती, म्हणून हे शब्द सहज रुजले. शिवकाळात रघुनाथपंडितांच्या राजव्यवहारकोशाने यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तेव्हाही बदलले ते नाम. 'अर्ज'च्या जागी 'विनंती' आली, तरी 'करणे' जागचे हलले नाही. कधी जोडी तीच राहिली आणि अर्थ सरकला. फारसीत 'गम खुर्दन' म्हणजे दुःख करणे. आपण 'जरा गम खा' म्हणतो ते धीर धरण्यासाठी.

विरोध दाखवणाऱ्या शब्दांची गोष्ट निराळी. 'अगर्चे खस्ता बूदम, अम्मा कार कर्दम' म्हणजे 'जरी थकलो होतो, तरी काम केले'. दोन्ही भाषांत दुवे जोडीने येतात, 'खस्ता'ही आपल्या ओळखीचा. तरीही 'अम्मा' किंवा 'वली' मराठीत रुळले नाहीत. 'पण'ने आपली जागा सोडली नाही. 'अगर' मात्र आला आणि बदलला. फारसीत आणि उर्दूत तो 'जर'. मराठीत 'विकत अगर गहाण' म्हणताना तो 'किंवा'.

हा फरक केवळ अभ्यासकांपुरता नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याचा कारभार आधी फारसीत, पुढे उर्दूत चाले. त्या काळचे जमिनीचे कागद आजही घराघरांत जपलेले आहेत. कोणी तो कागद वाचून दाखवला, की 'मंजूर' हा शब्द कानी पडताच घरचे सुखावतात. पण पुढे 'लेकिन' असेल, तर खरा हुकूम त्यानंतर सुरू होतो. आणि तिथला 'अगर' आपल्या सवयीने 'किंवा' असा घेतला, तर घातलेली अट नाहीशी होऊन तिचा पर्याय बनतो. अशा कागदात अनोळखी शब्दापाशी आपण थांबतो, कोणाला तरी विचारतो. फसगत होते ती ओळखीच्या शब्दापाशी.