हरवलेला शब्द शोधताना

पक्षाघातातून उठलेले आमचे एक निवृत्त सहकारी गतवर्षी शिक्षककक्षात आले. टेबलावरील खडू उचलून बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "ते... पांढरं... फळ्यावर..." आयुष्यभर खडू धरलेल्या माणसाला 'खडू' हा शब्द सापडेना. मागे कोणी तरी पुटपुटले, "सरांची बुद्धी गेली." सरांनी ते ऐकले आणि त्यांना ते समजलेही. हा लेख त्या वाक्याकरिता आहे.

या अवस्थेस वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिसनजीकच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी एक रुग्ण तपासला. त्यास 'तान' एवढेच उच्चारता येई. बोललेले मात्र बरेचसे समजे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या अग्रखंडात इजा आढळली. त्याचे आडनाव लबोर्न्य. परंतु असंख्य पुस्तकांत तो 'तान' म्हणूनच वावरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे खटकते.

वाचाघातात शब्द बहुधा नष्ट झालेला नसतो, त्याच्याकडे जाणारी वाट मोडलेली असते. वाचाउपचारतज्ज्ञ ती वाट पुन्हा पाडू पाहतात. एक पद्धत अर्थाच्या अंगाने जाते. खडूचे चित्र मध्यभागी ठेवून विचारायचे: ही कोणत्या प्रकारची वस्तू? कशासाठी वापरतात? दिसते कशी? कोठे आढळते? तिच्यावरून काय आठवते? अशा उत्तरांनी अर्थाचे जाळे हलते आणि पुष्कळदा शब्द वर येतो. न आल्यास तज्ज्ञ तो सांगतात, रुग्ण पुन्हा उच्चारतो. दुसरी पद्धत ध्वनीच्या अंगाने जाते: पहिले अक्षर कोणते, अक्षरे किती, यमक कशाशी? 'ख'ने आरंभ, दोन अक्षरे, 'गडू'शी जुळणारा. शिवाय शब्द मुळीच न आल्यास वर्णन वा हातवारे करून आशय पोहोचवण्याची सवय लागते, हा लाभही लहान नव्हे.

येथे एक मर्यादा जाणून घ्यावी. सराव केलेले शब्द सुधारतात. न केलेल्या शब्दांपर्यंत तो लाभ पुष्कळदा पोहोचत नाही. म्हणून हत्ती-घोड्यांच्या तयार चित्रांपेक्षा त्या माणसाला रोज लागणारे शब्द निवडणे शहाणपणाचे. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, हे खरे. तथापि वर्षे लोटल्यावरही उपचाराने लाभ झाल्याचे संशोधनात दिसले आहे. "आता काय उपयोग?" असे म्हणणे चूकच.

घरच्यांनी ओरडून बोलू नये. कान शाबूत असतात. शब्द चटकन पुरवू नये, थांबावे.

सरांच्या शब्दांची यादी बाईंनी त्यांच्याजवळ बसून केली. पहिले नाव नातीचे आहे. खडू बराच खाली आहे.