युफोनियमची जागा

नाशिक ढोल आणि ताशे एकदम सुरू झाले की आवाजाची दोन टोकं ऐकू येतात. खाली ढोल घुमतो, वर ताशा तडतडतो. मधली जागा मोकळी असते. गाण्याची चाल तिथंच बसवायची असते आणि ती बसवणारी पितळी वाद्यं कोणती, यावर अख्ख्या पथकाचा आवाज ठरतो. मी कसाऱ्याचा. शहापूर-मुरबाडकडच्या हळदींत आणि वरातींत युफोनियम वाजवतो. हे वाद्य आमच्या भागातल्या बँडमधून हळूहळू कमी होत चाललंय. त्याच्या जागी आणखी एक ट्रम्पेट येतं, नाहीतर गाडीवरचा कॅसिओ येतो. यात काय हरवतं ते सांगायला हवं.

ट्रम्पेटची नळी उलगडून सरळ केली तर जवळजवळ दीड मीटर भरते. युफोनियमची तिच्या दुप्पट. म्हणून दोघांचा मूळ सूर पेटीवरची काळी पाचच, पण युफोनियम एक सप्तक खाली बोलतं. पुरुषाचा गाता गळा जिथं असतो, साधारण तिथंच.

लांबीइतकाच नळीचा घाटही महत्त्वाचा. ट्रम्पेटची नळी बरंच अंतर एकाच जाडीची जाते आणि शेवटी फाकते. युफोनियमची नळी, पिस्टनांचा भाग सोडला तर, रुंदावतच जाते. जोरात फुंकलं की नळीतून दाबाची लाट निघते. लाटेतला दाबलेला भाग किंचित वेगानं पळतो, विरळ भाग मागं रेंगाळतो. अरुंद, एकसारख्या नळीत हा फरक वाढत जातो आणि लाटेचं तोंड कड्यासारखं ताठ उभं होतं. ट्रम्पेटची धार येते ती यातून. रुंदावणाऱ्या नळीत लाट पसरते, तिचा दाब उतरतो आणि आवाज गोल राहतो. पटत नसेल तर फ्लुगलहॉर्न ऐका. लांबी ट्रम्पेटएवढीच, सूरही तोच, पण नळी रुंदावणारी. आवाज लगेच मऊ लागतो.

वाद्य विकत घेताना गिऱ्हाईक मात्र पितळेची चकाकी बघतं. देशभरातल्या बँडची बहुतेक वाद्यं मेरठच्या जली कोठी भागातून येतात. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. वाद्य कुठलंही असो, मी आधी पिस्टन तपासतो. पिस्टन न दाबता त्याची बाजूची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, बाहेर ओढायची, क्षणभर थांबायचं आणि मग पिस्टन दाबायचा. 'टप्' असा आवाज आला तर आतली हवा धरून ठेवलेली आहे. नुसताच फुस्स झाला तर वाद्य गळतंय. गळणाऱ्या वाद्याला कितीही मुलामा द्या, सूर बसत नाही.

आता दिशेचं बघा. ट्रम्पेटचा कर्णा जेमतेम बारा सेंटीमीटरचा आणि तोंडासमोर. त्याचा धारदार भाग सरळ रेषेत जातो, बाजूला उभ्या माणसाला तो पुरता ऐकूच येत नाही. युफोनियमचा कर्णा बहुधा वर आभाळाकडं असतो. बाजारपेठेत दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फिरवतात, तेव्हा ते भरभरून वाजतं. शेतातल्या कापडी मंडपात आवाज परतवणारी भिंत नाही की छप्पर नाही, तिथं त्याचा बराच आवाज वर निघून जातो. लोक म्हणतात युफोनियम ऐकूच येत नाही. वाद्य बदनाम होतं, दोष कर्ण्याच्या दिशेचा असतो.

अमेरिकेत ड्रम कोअर म्हणतात त्या पथकांनी यावर उपाय काढला. ही पथकं मुख्यतः पितळी वाद्यं आणि तालवाद्यं घेऊन मैदानात उतरतात. त्यांच्या मधल्या वाद्यांचे कर्णे पुढं वळवलेले असतात. फ्रेंच हॉर्नचा कर्णा मागं तोंड करतो, म्हणून मैदानात त्याच्या ऐवजी मेलोफोन घेतात. 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही त्यांची संस्था १९७२ पासूनची. तिथं वर्षानुवर्षं सगळ्यांचे बिगुल एकाच सुरात, म्हणजे पांढरी पाचमध्ये असायचे. २००० सालापासून कुठल्याही सुरातली वाद्यं चालू लागली, तशी काळी पाचची ट्रम्पेटं आली. जुना भरदार, रांगडा आवाज गेला, असं मानणारे तिथं आजही आहेत. पण सूर कुठलाही घेतला तरी मधलं वाद्य कुणी काढून टाकलं नाही.

आपल्याकडं ट्रम्पेटचं वेड सिनेमानं लावलं. सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या 'अलबेला'त (१९५१) गोव्याच्या चिक चॉकलेट यांचं ट्रम्पेट ऐकून कोण भारावणार नाही? पण तिथं ट्रम्पेटच्या मागं सगळा वाद्यवृंद होता, समोर मायक्रोफोन होता आणि शेजारी ताशे नव्हते. वरातीत ट्रम्पेट आणि ताशा दोघंही वरच्याच पट्ट्यात आवाज काढतात. एक वाढला की दुसरा वाढतो. अर्ध्या तासात वाजवणाऱ्याचा ओठ सुजतो, स्वर फाटतात आणि चाल हरवते. युफोनियमला ताशाशी भांडावंच लागत नाही.

घाटातल्या हवेचाही हिशोब ठेवावा लागतो. थंडीत आवाज हवेतून सावकाश चालतो, त्यामुळं फुंकायच्या वाद्याचा सूर उतरतो. नळीतली हवा दहा अंशांनी गार झाली की अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. श्वासानं नळी तापते, पण युफोनियमसारखं मोठं वाद्य तापायला वेळ घेतं. डिसेंबरच्या पहाटे मी वाजवण्याआधी नुसता गरम श्वास सोडत राहतो आणि ट्युनिंग स्लाइड आत घेतो. मे महिन्याच्या दुपारी तीच बाहेर ओढतो. कॅसिओचा सूर थंडीनं हलत नाही. म्हणून कॅसिओ आणि पितळी वाद्यं एकत्र असली की आधी सूर जुळवून घ्यायलाच हवेत. घाईत ते कुणी करत नाही आणि सगळं बेसूर वाजतं.

शाळांच्या बिगुल पथकांतही मधलं वाद्य हवं, असं माझं म्हणणं आहे. बिगुलाला पिस्टन नसतो. खालचा सा, प, मग वरचा सा, ग, प, एवढ्या पाच स्वरांवरच मुलांची गाडी चालते. रे, म, ध नाहीत, त्यामुळं ओळखीचं गाणं वाजवताच येत नाही. आपल्या तुतारीचा आणि शिंगाचाही नियम हाच. संचलनाला, सलामीला हे पाच स्वर उत्तम. पण मुलांना चाल वाजवायची असेल तर तीन पिस्टनची वाद्यं हवीत, आणि त्यात नुसती ट्रम्पेटं नकोत. पथकाला सहा पितळी वाद्यं घेता येत असतील तर तीन ट्रम्पेटं, दोन कर्णा पुढं वळलेली युफोनियमं आणि एक फ्लुगलहॉर्न घ्या. युफोनियम ट्रम्पेटपेक्षा महाग पडतं, तरीही घ्या.