विश्लेषण : टायटॅनियम कापताना बलाचा अंदाज का चुकतो?

विमानाच्या इंजिनातील पाती टायटॅनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढली जातात, तेव्हा शेवटच्या फेऱ्यांत पात्याची कड खूप पातळ झालेली असते. टूलचा जोर अंदाजापेक्षा वाढला की ती वाकते, माप चुकते आणि कित्येक तासांचे काम भंगारात जाते. म्हणूनच कटिंग फोर्सचे, म्हणजे कापताना लागणाऱ्या बलाचे गणित यंत्र सुरू होण्याआधीच मांडावे लागते.

टायटॅनियमला जास्त जोर लागतो का?

फारसा नाही. नेहमीच्या वापरातील ग्रेड 5 टायटॅनियम कापायला साधारण पोलादाइतकेच बल लागते. मात्र त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता मध्यम कार्बन पोलादाच्या सुमारे एक सप्तमांशच आहे. त्यामुळे उष्णता टूलच्या टोकाशीच साठते. शिवाय चिप टूलला अगदी छोट्या भागात टेकते, म्हणून तेवढ्याच बलाचा ताण धारेजवळ एकवटतो. इन्कोनेल 718 या निकेलच्या मिश्रधातूला मात्र बलही जास्त लागते आणि कापता कापता त्याचा पृष्ठभाग आणखी कडक होतो.

अंदाज कसा बांधतात?

जर्मन अभियंता ओटो किंझले यांचे 1952 मधील सूत्र आजही वापरात आहे. चिप जितकी पातळ, तितके प्रति चौरस मिलिमीटर बल जास्त, हे त्याचे सार. धातूनुसार बदलणारा घातांक पाव धरला, तर फीड 0.2 वरून 0.1 मिलिमीटर केल्यावर बल निम्मे होत नाही. सुमारे 60 टक्के उरते. कारण टूलची धार कितीही तीक्ष्ण असली तरी किंचित गोल असते. काप फार पातळ झाला की धातू कापला जाण्याऐवजी चेपला, घासला जातो. ‘जपून’ म्हणून फीड कमी करणे इन्कोनेलमध्ये अंगाशी येते ते यामुळेच.

मग चूक कुठे होते?

संगणकावरील सिम्युलेशनमध्ये बहुधा जॉन्सन-कुक मॉडेल असते. 1983 मध्ये ते मांडले गेले एका बॅलिस्टिक्स परिषदेत, म्हणजे गोळ्या-तोफगोळ्यांच्या शास्त्रात! त्यातील स्थिरांक प्रयोगशाळेतील आघात-चाचण्यांवरून काढतात. प्रत्यक्ष कापताना धातू त्याहून कितीतरी वेगाने विकृत होतो. त्यामुळे एकाच ग्रेड 5 साठी वेगवेगळ्या संशोधकांचे स्थिरांक जुळत नाहीत.

त्याहून मोठी अडचण झिजेची. गणित नव्या धारेचे असते. टायटॅनियममध्ये टूल लवकर झिजते आणि कामाला दाबणारे बल वाढत जाते. पातळ कड वाकते ती याच बलाने. म्हणून महागडा जॉब लावण्याआधी त्याच धातूच्या तुकड्यावर, यंत्राच्या टेबलावर डायनामोमीटर बसवून, नव्या आणि झिजलेल्या अशा दोन्ही टूलने बल मोजून घेतात.