वनपट्ट्यातील मातीचे जीवन

१३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर २००६ च्या वनहक्क अधिनियमान्वये मिळणारा पट्टा चार हेक्टरांपलीकडे जात नाही. तो वारसांकडे जातो. विकता मात्र येत नाही. त्या जमिनीचा कस गेला, तर ती टाकून दुसरी घेण्याचा मार्ग कुटुंबापुढे राहत नाही. अशा जमिनी प्रथम नांगराखाली आल्या, तेव्हा दोन-तीन वर्षे भरघोस पिकल्या व मग उतरत गेल्या, असे जाणती माणसे सांगतात. याचे कारण मातीतील सजीव सृष्टीत आहे.

जंगलात दरवर्षी पडणारा पालापाचोळा वाळवी, गांडुळे, बुरशी आणि जीवाणू कुजवितात व त्यातील अन्नद्रव्ये मुळांपाशी परत आणतात. बुरशीचे सूक्ष्म तंतू मुळांना स्फुरद मिळवून देतात आणि मातीचे कण बांधून ठेवतात. गांडुळांच्या बिळांवाटे पावसाचे पाणी खोल मुरते. वृक्ष तुटून नांगर फिरला, की मातीत हवा खेळते, साठलेला सेंद्रिय अंश झपाट्याने कुजतो आणि अन्नद्रव्ये एकदम मोकळी होतात. पहिल्या पिकांचा जोम तो हाच. पिढ्यान्‌पिढ्यांची शिलक त्यात खर्ची पडत असते. इकडे पाचोळा थांबलेला, बुरशीचे जाळे तुटलेले आणि कापणीनंतर थेट जूनपर्यंत जमीन उन्हात उघडी. जंगलाचे शेत झाल्यावर सेंद्रिय कर्ब चौथ्या हिश्श्याहून अधिक घटल्याचे उष्ण कटिबंधातील पाहण्यांत वारंवार आढळले आहे. युरियाने नत्राची उणीव भरून निघेल. मातीची विस्कटलेली घडण त्याने सावरत नाही.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते. त्यांत सजीवांची मोजदाद नाही. तथापि सेंद्रिय कर्बाचा आकडा त्यांच्या अन्नसाठ्याची कल्पना देतो. पत्रिका हाती येताच बहुतेकांची नजर नत्र-स्फुरद-पालाशावरच थांबते, हेही खरे. वनपट्ट्यांच्या बाबतीत ग्रामपंचायतीने हा एक आकडा दर खेपेस पाहावा. तो घसरत असेल, तर पिकांचे अवशेष न जाळता आच्छादन म्हणून पसरणे, बांधावर झाडे राखणे, तृणधान्यात तूर वा उडीद घेणे आणि उताराला आडवी नांगरट करणे हे उपाय फारशा खर्चाविना होण्याजोगे आहेत.

शिक्षकांना हा फरक वर्गात दाखविता येईल. जंगलातील व लगतच्या शेतातील मातीचे वाळलेले एकेक ढेकूळ पाण्याच्या पेल्यात अलगद सोडावे. जंगलातील ढेकूळ बराच वेळ टिकते. शेतातील बहुधा काही मिनिटांतच विरघळून पाणी गढूळ करते.