पाण्याखालची शाळा – भाग ७ : घरी कुठल्या रस्त्यानं जाणार?

पाडी, एसएसआय, सीमास या डायव्हिंग-संस्थांच्या अक्षरांचा उलगडा या वेळी करीन, असं कबूल केलं होतं. तो एक आठवडा थांबू दे. कलघटगीच्या एका ताईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न मला चार दिवस सोडत नाही. त्या लिहितात : ‘मुलगा आणि सून रविवारी मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर डायव्हिंगला जाणार. सोमवारी दोघांनाही हुबळीत ऑफिस. म्हणजे त्याच संध्याकाळी अरबैल घाट चढून घरी यायचं. तुम्ही मागं लिहिलं होतं, की डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये. मग घाटाचं काय?’

ताई, हा प्रश्न किनाऱ्यावर राहणाऱ्याला सुचलाच नसता. डोंगर उतरून समुद्राकडे जाणाऱ्या आपल्यासारख्यांचाच तो आहे आणि त्याचं उत्तर शोधता शोधता चांगला शिक्षक कसा ओळखायचा, तेही कळतं.

समुद्रात दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. त्या दाबाखाली सिलिंडरमधली हवा घेताना तिच्यातला नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात आणि मांसपेशींत विरघळतो. वर येताना तो बाहेर पडायला लागतो, पण सावकाश. पाण्यातून डोकं बाहेर काढलं, बोटीवर चढलो, मासे-भात खाल्ला, तरी त्याचा काही भाग अंगात असतोच आणि निघून जायला तास न् तास घेतो. तेवढ्यात बाहेरच्या हवेचा दाब आणखी कमी झाला, तर या उरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की काय होतं, ते आपण पाहिलेलं आहेच.

उंचीचा हिशेब मांडू. विमानाच्या केबिनमध्ये साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवरच्या हवेइतका दाब असतो, म्हणजे समुद्रकिनाऱ्यापेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा : एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान 12 तास थांबा, एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग झालं असेल तर किमान 18 तास. हा सल्ला फक्त विमानाला लागू आहे, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तो सुमारे 600 मीटरपासून वरच्या उंचीसाठी आहे. आता आपला रस्ता बघा. अंकोल्याहून अरबैल घाट चढून यल्लापूर, मग कलघटगी. तुमचं गाव पाचशे मीटरच्या वर, पण सहाशेच्या आत. हुबळी सहाशेच्या थोडी वर आणि धारवाड त्याहून उंच. म्हणजे ती सहाशेची रेषा साधारण कलघटगी आणि हुबळीच्या मधूनच जाते! बेळगावकर मालवणहून येतात ते आंबोलीमार्गे. त्यांना तर दोन-अडीच तासांतच जवळजवळ सातशे मीटर गाठावे लागतात.

या विषयाचा पाया बोकडांनी घातला, असं मी नेहमी सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलातल्या डायव्हर्ससाठी जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञानं लंडनमध्ये लोखंडी टाकीत बोकड-शेळ्या ठेवून प्रयोग केले. आत दाब वाढवायचा, मग वेगवेगळ्या गतीनं उतरवायचा. दुखतंय हे मुकं जनावर सांगणार कसं? सांध्यात कळ आली की ते पुढचा पाय उचलून धरायचं. त्या उचललेल्या पायांवरून 1908 साली कोष्टकं छापली गेली आणि टप्प्याटप्प्यानं वर येण्याची पद्धत रूढ झाली. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर जे गणित करतो, त्याचं मूळ तिथं आहे. अमेरिकन नौदलाच्या पुस्तकात तर डाइव्हनंतर किती उंचीवर किती वेळानं जावं, याचं वेगळं कोष्टकच आहे. अंगात नायट्रोजन थोडा उरला असेल तर आपल्याएवढ्या उंचीसाठी थांबायची गरज नाही. बराच उरला असेल तर मात्र काही तास थांबा, असं ते सांगतं.

आता माझी गोष्ट. मी पहिला कोर्स केला तेव्हा दोन दिवसांत चार डाइव्ह झाल्या, शेवटची रविवारी दुपारी तीनला. त्याच संध्याकाळी मित्र आणि मी आंबोली चढून बेळगावकडे निघालो. वर चहाला थांबलो तर मित्र खांदा चोळत होता. सिलिंडर उचलल्याचं दुखणं म्हणून आम्ही ते सोडून दिलं आणि दुसऱ्या दिवशी ते थांबलंही. खांद्या-कोपराचं दुखणं हे अशा बुडबुड्यांमुळं होणाऱ्या डीकम्प्रेशनच्या आजाराचं अगदी नेहमीचं लक्षण असतं, हे मी पुढं वाचलं आणि अंगावर काटा आला. त्या शाळेत साहित्य नवंकोरं होतं, शिकवणं नीट होतं, भिंतीवर प्रमाणपत्रं होती. पण दोन दिवसांत एकानंही विचारलं नाही, की तुम्ही घरी कुठल्या रस्त्यानं जाणार?

पुढं काही वर्षांनी भेटलेल्या एका शिक्षकानं फॉर्म पुढं करायच्या आधीच विचारलं, “गाव कुठलं?” धारवाड म्हटल्यावर लगेच, “परतीची गाडी कधी?” त्यानं वहीत आमच्या डाइव्ह उलट-सुलट केल्या. खोल डाइव्ह शनिवारी सकाळी, उथळ रविवारी सकाळी लवकर, आणि रविवारची रात्र किनाऱ्यावरच काढायची, असं बजावलं. सर्दी आहे का, रात्री झोप झाली का, काही औषध चालू आहे का, हेही त्यानंच विचारलं. त्या दिवसापासून मी शाळा निवडताना माझे प्रश्न कमी केले आणि समोरचा काय विचारतो, ते ऐकायला लागलो.

तेव्हा ताई, मुलाला एवढंच करायला सांगा. फोनवर दर विचारण्याआधी म्हणावं, “आम्ही घाटावरचे, त्याच दिवशी परत निघणार.” आणि गप्प राहावं. ‘रोज माणसं येतात-जातात, काही होत नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर लावावा. ‘डाइव्ह किती करणार? पहिल्यांदाच आहे का? कोण गाडी चालवणार?’ असे प्रश्न उलट आले, तर तो माणूस धरून ठेवावा. बोटीवर ऑक्सिजनचा संच असतो का आणि या आजारावरच्या उपचाराचा जवळचा प्रेशर चेंबर कुठे आहे, हे त्याला मग विचारावं. त्याला ते पाठ असेल.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर असं. दोघं नवखी असतील आणि शिक्षकाचा हात धरून एकच उथळ, अर्ध्या तासाची डाइव्ह करणार असतील, तर कलघटगीच्या उंचीसाठी कोष्टक त्यांना अडवत नाही. चार तासांचा रस्ता आहे. दुपारी जेवून, भरपूर पाणी पिऊन, विश्रांती घेऊन निघू दे. पूर्ण ओपन वॉटर कोर्स असेल, म्हणजे 18 मीटरपर्यंतच्या चार डाइव्ह, तर सोमवारची रजा टाकायला लावा आणि शेवटच्या डाइव्हनंतर 18 तासांनी घाट चढू दे. घरी आल्यावर सांधे दुखले, अंगाला खाज सुटली, हात-पाय बधिर वाटले, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपू देऊ नका. डॉक्टरांकडे न्या आणि डाइव्ह केली होती, हे पहिल्याच वाक्यात सांगा. इथल्या डॉक्टरांसमोर असा रोगी सहसा येत नाही. तुम्ही सांगितलं नाही तर त्यांच्या मनातही येणार नाही.

आणि परत आल्यावर शिक्षकानं काय काय विचारलं, ते दोघांकडून लिहून घेऊन मला जरूर पाठवा. अक्षरांचा उलगडा पुढच्या आठवड्यात.