एलेन टेरी यांचीं पत्रें
नटीचा आवाज पडद्याबरोबर विरतो. तिचीं पत्रें मात्र मागें उरतात. लंडनच्या लायसियम नाट्यगृहांत १८७८ पासून हेन्री अर्व्हिंग यांच्या नायिका म्हणून गाजलेल्या एलेन टेरीबाईंचा बर्नार्ड शॉ यांच्याशीं पत्रव्यवहार १८९२ सालीं सुरू झाला. शॉ वृत्तपत्रांतून अर्व्हिंगवर कठोर टीका करीत. पण १८९६ मध्यें ‘सिंबेलिन’मधील इमोजेनची भूमिका बसवितांना बाईंनीं सल्ला घेतला तो शॉ यांचाच! दोघांनीं प्रत्यक्ष भेट मात्र कित्येक वर्षें टाळली. बाई १९२८ मध्यें निवर्तल्या आणि १९३१ मध्यें हीं पत्रें छापलीं गेलीं. पुत्र गॉर्डन क्रेग यांस तें रुचलें नाहीं. त्यांचा रोष समजण्याजोगा आहे. तथापि थोर नटीच्याही मनांत भूमिकेपूर्वीं किती शंका असतात, हें या पत्रांवांचून आपणांस कसें कळलें असतें?