सोळाव्या वर्षी सिनेमा

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा संपली, की पुढची दोन वर्षं सिक्स्थ फॉर्मची. आपली अकरावी-बारावीच म्हणा, फक्त कला-वाणिज्य-विज्ञान अशा शाखा नाहीत. बहुतेक मुलं ए लेव्हलचे तीनच विषय घेतात. गणित, भौतिकशास्त्र आणि फिल्म स्टडीज असं त्रिकूटही जमतं. तिथल्या मराठी घरांत मात्र हा तिसरा विषय निघाला, की आईबाबांचा प्रश्न ठरलेला: सिनेमा बघण्यात अभ्यास कसला?

खरं तर अभ्यासच जास्त आहे. एज्युकास या परीक्षा मंडळाच्या फिल्म स्टडीजमध्ये स्वतःच्या निर्मितीला 30 टक्के गुण आहेत, उरलेले 70 टक्के अडीच-अडीच तासांच्या दोन लेखी पेपरांना. त्यासाठी जुनं हॉलिवूड, मूकपट, माहितीपट, प्रायोगिक सिनेमा आणि जगभरचे चित्रपट बारकाईने पाहावे लागतात. मणिरत्नम यांचा 'दिल से' (1998) या मंडळाच्या यादीत आलेला आहे. आगगाडीच्या टपावरचं ते गाणं ज्या मुलीला तोंडपाठ आहे, तिलाही ते कथानकात काय काम करतं, हे नव्याने शोधावं लागतं.

अँड्रिया अर्नोल्ड यांचा 'फिश टँक' (2009) घ्या. सरकारी वसाहतीत वाढणाऱ्या पंधरा वर्षांच्या मियाची ही गोष्ट. रुंद पडद्याच्या जमान्यात अर्नोल्ड यांनी जवळजवळ चौकोनी, 4:3 ची चौकट निवडली. त्यात एक माणूस नेमका मावतो, आजूबाजूला फारशी जागा उरत नाही. कॅमेरा हातात धरलेला, बऱ्याचदा मियाच्या पाठोपाठ चालणारा. नायिका केटी जार्व्हिसने आधी कधी अभिनय केलेला नव्हता. टिलबरी स्टेशनवर मित्राशी भांडताना ती दिसली आणि निवडली गेली. विद्यार्थ्याने ही माहिती नुसती लिहून भागत नाही. चौकट, कॅमेरा आणि अभिनय यांतून मियाची घुसमट कोणत्या प्रसंगात, कशी पोचते, हे दाखवावं लागतं. अशी नजर सोळा-सतराव्या वर्षी आली, तर ती जाहिराती आणि बातम्या पाहतानाही कामी येते. या विषयाची खरी कमाई मला तीच वाटते.

मग निर्मिती. चार ते पाच मिनिटांचा लघुपट, नाहीतर 1600 ते 1800 शब्दांची पटकथा आणि तिच्यातल्या एका भागाचा छायाचित्रांतून केलेला स्टोरीबोर्ड. मित्रमैत्रिणी अभिनयाला येतात, दिवे धरतात, पण काम ज्याचं त्याचंच तपासलं जातं.

चित्र हल्ली फोनवरही देखणं येतं. नवख्यांची फसगत होते ती आवाजात. स्वयंपाकघरातला संवाद चित्रित केला आणि मागे फ्रिज घरघरत होता, असं समजा. संकलनात दोन वाक्यांमधली जागा कापली, की ती घरघर मध्येच तुटते आणि कानाला ठेच लागते. म्हणून जाणते लोक चित्रीकरण आटोपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट टिपून ठेवतात. त्याला 'रूम टोन' म्हणतात. पुढे हाच आवाज त्या फटींखाली अंथरला जातो. लघुपटाबरोबर 1600 ते 1800 शब्दांचं स्वपरीक्षणही द्यावं लागतं. अभ्यासलेल्या लघुपटांच्या शेजारी आपलं काम ठेवून प्रत्येक निवडीची कारणं सांगायची.

ज्यांना लेखीपेक्षा हाताने काम शिकायचं आहे, त्यांच्यासाठी वाट वेगळी. 2024 मध्ये सुरू झालेल्या मीडिया, ब्रॉडकास्ट अँड प्रॉडक्शन या टी लेव्हलमध्ये, म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमात, किमान 45 दिवस प्रत्यक्ष उद्योगात काम करावं लागतं. 2019 साली लंडनच्या इस्लिंग्टन भागात सुरू झालेली लंडन स्क्रीन अकॅडमी हे तर चित्रपटासाठीच काढलेलं सिक्स्थ फॉर्म. संस्थापकांत बाँडपटांच्या निर्मात्या बार्बरा ब्रॉकोली आणि हॅरी पॉटर चित्रपटांचे निर्माते डेव्हिड हेमन आहेत, आणि सरकारी निधीमुळे तिथे फी नाही. आपल्याकडे पुण्याच्या एफटीआयआयमध्ये दिग्दर्शन किंवा छायाचित्रण शिकायचं, तर आधी पदवी हवी. तोवर वयाची विशी उलटते.

आईबाबांच्या धास्तीचं एक कारण जुनं आहे. रसेल ग्रुपच्या नामांकित विद्यापीठांनी प्रवेशासाठी सोयीच्या विषयांची एक यादी केली होती. तीत फिल्म स्टडीज नव्हतं. ती यादी 2019 मध्ये मागे घेण्यात आली. तरीही वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचा विचार असेल, तर त्या अभ्यासक्रमाला कोणते विषय सक्तीचे आहेत ते आधी पाहावं, उरलेल्या जागी सिनेमा खुशाल घ्यावा.